दोरी हातातच होती

रात्री होडीतून धक्क्यावर चढत होते. एका हातात लोखंडी शिडी, दुसऱ्या मनगटात टॉर्चची दोरी. दोरी आहे या भरवशावर मूठ सोडली, शिडीचा पुढचा आडवा गज धरला, आणि खाली 'डुबुक' असा एक छोटासा, जवळजवळ सभ्य आवाज झाला.

टॉर्च पाण्यात गेली, पण विझली नाही. हिरवट होत होत, डुलत डुलत तिचा उजेड खाली उतरत गेला आणि तळाशी जाऊन आडवा झाला. दोन पुरुष तरी पाणी असेल. इतका वेळ नुसतं काळं दिसणारं ते पाणी अचानक आतून उघडलं: चिखल, एक फुटकी बादली, झोतात शिरलेले दोन लहान मासे. मी शिडीवर तशीच थांबून बघत राहिले.

"दोरी तुटली का गं?" वरून मैत्रिणीनं विचारलं.

मी मनगट वर करून दाखवलं. "दोरी आहे."

"मग गेलं काय?"

"टॉर्च."

ती हसली. मीही हसले, पण जरा उशिरानं. टॉर्चवर 'आयपीएक्स ८' असं कोरलेलं होतं. म्हणजे एक मीटरपेक्षा खोल, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पाण्यात राहिली तरी आत पाणी शिरणार नाही. त्या शब्दाला ती जागली. मंद उजेडावर होती, तेव्हा सेल संपेपर्यंत मासे उजेडात पोहले असतील. पाण्याची काळजी ज्यांनी इतकी घेतली, त्यांनीच डबीत टॉर्चसोबत दिलेली ती दोरी होती.

घरी येऊन टेबलाच्या दिव्याखाली त्या दोरीचं शवविच्छेदन केलं. मनगटाचा पट्टा धड. प्लॅस्टिकचा चाप धड. टॉर्चकडच्या टोकाला बारीक दोऱ्याचा एक फास असतो, तोही अगदी धड. एक धागा विसकटलेला नाही. म्हणजे काही तुटलंच नव्हतं, ते निसटलं होतं. तो फास एका कडीत होता आणि कडी टॉर्चच्या बुडाशी असलेल्या भोकात. कडी म्हणजे किल्ल्यांना असते तशी, दोन वेढ्यांची, नखानं उचकून किल्ली सरकवायची ती. तिचं बाहेरचं टोक किंचित उचललेलं आहे, हे मला महिनाभर ठाऊक होतं. खिशात हात घातला की ते नखाला लागायचं. किल्ली जाड असते, ती दोन वेढ्यांच्या मधल्या फटीत सहज शिरत नाही. दोरा बारीक असतो. चालताना, झुलताना तो फटीत शिरतो, एक वेढा फिरतो आणि एक दिवस बाहेर पडतो. ज्या वाटेनं तो आत गेला त्याच वाटेनं, फक्त कुणी न सरकवता.

यावर माझी पहिली प्रतिक्रिया कुणाचीही होईल तीच होती: मजबूत दोरी आणायची. पॅराकॉर्ड आणली. ही मूळची पॅराशूटची दोरी. तिच्या नावातला '५५०' म्हणजे ५५० पौंड, साधारण २५० किलो ताण. सेलसकट दीडशे ग्रॅमच्या टॉर्चला २५० किलोची दोरी म्हणजे मांजराला हत्तीचा साखळदंड. त्या साखळदंडाच्या टोकाला मी काय लावलं असेल? पुन्हा तीच दोन वेढ्यांची कडी, फक्त नवी.

मी कमकुवत जागा सोडून बाकी सगळं मजबूत केलं होतं. हे लक्षात यायला दुसरी फजिती व्हावी लागली, पण तिच्याआधी थोडा हिशेब.

दीडशे ग्रॅम टांगून ठेवायला शिवणाचा दोराही पुरतो. प्रश्न टांगण्याचा नाही, झटक्याचा आहे. कमरेच्या पट्ट्याला बांधलेली टॉर्च हातातून सुटली आणि एक मीटर मोकळी पडली, तर दोरी तिला किती अंतरात थांबवते यावर सगळं ठरतं. दोन सेंटिमीटर ताणून थांबवलं, तर सरासरी झटका वजनाच्या पन्नासपट, म्हणजे साडेसात किलो. ताठ दोरीनं पाच मिलिमीटरमध्येच थांबवलं, तर दोनशेपट, म्हणजे तीस किलो. हा सरासरीचा आकडा झाला; स्प्रिंगसारख्या ताणात सर्वांत जोराचा क्षण याच्या दुपटीच्या आसपास जातो. पॅराकॉर्डला हे काहीच नाही. पण जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव हूक, प्लॅस्टिकचा चाप आणि ती बिचारी कडी, या सगळ्यांना तोच झटका जसाच्या तसा पोचतो. दोरीला जे सोसवतं ते तिच्या शेजाऱ्यांना सोसवेलच असं नाही.

म्हणूनच ताणणारी दोरी बरी. नायलॉन ताणतं आणि झटका पोटात घेतं. डायनीमा नावाचं जे पॉलिथिलीनचं सूत आहे ते जाडीच्या मानानं विलक्षण बळकट, पण ते जेमतेम तीन-चार टक्के ताणतं. शिवाय इतकं गुळगुळीत की साधी गाठ त्यातून आपोआप निघून जाते. त्याच्या ताकदीचा आकडा वाचून मलाही मोह झाला होता. पडणाऱ्या वस्तूसाठी मात्र नायलॉनच.

आता गाठी. मराठीत गाठीच्या दोन जाती सगळ्यांना ठाऊक: सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी, आणि निरगाठ, म्हणजे दातांनीही न सुटणारी. या दोन शब्दांत किती शहाणपण आहे हे टॉर्चला दोरी बांधताना कळलं; कारण नायलॉनमध्ये मी मारलेली प्रत्येक निरगाठ आतून सुरगाठच निघाली. सुती दोरीला खरखर असते, ती स्वतःलाच धरून ठेवते. नायलॉन घसरतं. चार दिवस खिशात घासलं, शंभरदा झुललं की गाठ हळूहळू मोठी होते, शेपूट आखूड होतं. गाठ सुटते तेव्हा एका क्षणात सुटल्यासारखी वाटते, पण तिनं आठवडाभर तयारी केलेली असते.

सर्वांत फसवी म्हणजे आपण सगळे आधी शिकतो ती सपाट रीफ गाठ. गाठोडं बांधायला उत्तम, कारण तिथं दोन्ही बाजूंनी सारखा दाब असतो. दोरीचं एकच टोक जोरात ओढलं गेलं, तर ती उलटते आणि एक दोर दुसऱ्यावरून सरळ सरकून जातो. टॉर्चच्या दोरीची दोन टोकं जोडायला मी आता डबल फिशरमन वापरते. प्रत्येक टोक दुसऱ्या दोराभोवती दोन वेढे घेऊन स्वतःच्याच वेढ्यांतून बाहेर काढायचं, मग दोन्ही गाठी एकमेकींवर ओढायच्या. जितका ताण जास्त, तितक्या त्या एकमेकींना घट्ट बिलगतात. शेपटं दोरीच्या जाडीच्या दहापट तरी ठेवायची. आणि गाठ बोटांनी आवळून चालत नाही. फास दाराच्या मुठीला अडकवून अंगाच्या वजनानं एकदा ओढायला हवी. गाठ बसते ती तेव्हा.

कुठलीही गाठ दोरीचं बळ खातेच, काही गाठी तर निम्म्याच्या आसपास. तीव्र वळणावर बाहेरचे तंतू ताणले जातात आणि आतले आळशासारखे पडून राहतात, त्यामुळे सगळं ओझं थोड्यांच्या अंगावर येतं. इथं पॅराकॉर्डच्या त्या अवाजवी ताकदीचा पहिल्यांदा उपयोग झाला. २५० चे सव्वाशे झाले तरी मांजर मांजरच.

टोकं जाळून बंद करतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचं उलट आहे. ते सुमारे २२० अंशांच्या पुढं, पेट घेण्याआधीच पाघळतं, आणि पीळ, वीण, सगळा अभिमान एका काळ्या मण्यात गोठतो. तो मणी गरम असताना चिमटीत धरून टोकदार करायचा मोह होतो. करू नये. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

टॉर्चच्या बुडाशी जे भोक असतं त्याला मी नेढं म्हणते. सुईला असतं तेच. ओवायला तितकंच अवघड. बहुतेक टॉर्चचं नेढं दोन-अडीच मिलिमीटरचं आणि पॅराकॉर्ड चार मिलिमीटर जाड. म्हणून तर मधे कडी येते! कडी ही गरज नव्हती, ती माझ्या आळसाची सोय होती. पॅराकॉर्डच्या आत सुट्या दोऱ्यांचा गाभा असतो. तो ओढून काढून टाकला की नुसतं वरचं वेष्टण उरतं, चपटं, मऊ, आणि ते नेढ्यातून जातं. आधी मासेमारीच्या तंगूसचा एक लहान फास नेढ्यातून काढायचा, त्यात दोरीच्या फासाचं टोक अडकवायचं आणि तंगूस उलटा ओढायचा. नाडी ओवण्याचीच विद्या, फक्त सेफ्टी पिनच्या जागी तंगूस. पलीकडे आलेल्या फासातून बाकीची सगळी दोरी ओढून घेतली की टॉर्चच्या अंगाला दोरी थेट मिठी मारते. मधे धातू नाही, चाप नाही, सुटायला काही नाही.

पण नेढ्याची धार बघायला हवी. टॉर्चचं अंग अॅल्युमिनियमचं असतं आणि त्यावर अॅनोडाइझिंगचा कडक थर. हा थर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, आणि पॉलिश पेपरवरचे दाणेही बहुतेक वेळा त्याच पदार्थाचे असतात. नेढ्याची कड घासून गोल केलेली नसेल तर दोरी रोज झुलताना बारीक करवतीवर घासल्यासारखी काचत जाते. नेढ्यात कापसाचा बोळा फिरवून बघावा. कापूस अडकला तर दोरीही अडकते. मी टॉर्च घेताना आता उजेडाच्या आकड्यांआधी हे बघते, आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते दुर्लक्षिते.

नेढं कुठं आहे हाही प्रश्नच. काहींत ते पाठीमागच्या फिरत्या टोपणाला असतं. दोरी टोपणाला, टोपण आट्यांवर आणि सगळा भार त्या आट्यांवर. टॉर्च दोरीवर झुलताना नुसती झुलत नाही, फिरतेही. आटे कोरडे, घासलेले असले आणि ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, सैल पडली असली, तर टोपण रोज थोडं थोडं उघडू शकतं. मग एक दिवस हातात दोरी आणि टोपण, आणि बाकी टॉर्च, सेलसकट, दुसरीकडे. माझ्या टॉर्चनं निदान जाताना दिवा लावलेला ठेवला. टोपणाला बटण असलेली टॉर्च अशी गेली तर अंधार करून जाते.

खिशाला अडकवायची पत्र्याची क्लिप हा त्याहून मोठा सापळा. तिला हमखास एक भोक असतं आणि ते दोरी ओवा, ओवा असं म्हणत असतं. पुष्कळ क्लिप टॉर्चवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. अंगठ्यानं निघते ती क्लिप झटक्यानं का निघणार नाही? स्क्रूनं बसवलेली असेल तर गोष्ट वेगळी.

या सगळ्यात उजेडापुरता एक विषय रंगाचा. काळी दोरी देखणी दिसते आणि अंधारात हरवते. काहीजण परावर्तक धागा विणलेली दोरी घेतात, टॉर्चचा उजेड पडला की चमकते. छान. पण हरवलेली वस्तू टॉर्चच असेल तर उजेड पाडायचा कशाचा? भडक नारिंगी बरी, निदान सकाळी तरी सापडेल.

आता दुसरी फजिती. नवी दोरी, बिनकडीची, डबल फिशरमनची, मनगटात आवळून बसणारी. गच्चीवरून लोखंडी शिडीनं उतरत होते, पुन्हा रात्र, पुन्हा शिडी. (मी शिडीवर इतका वेळ का असते, हे मलाही कोडं आहे.) दोरीचा सैल वेढा शिडीच्या बाहेर आलेल्या बोल्टात अडकला. मी एक पाय खाली टाकला, शरीर खाली गेलं, हात वरच राहिला. फास मनगटात रुतला. दोरी तुटणार नव्हती. गाठ सुटणार नव्हती. नेढं, टॉर्च, काहीही हार मानणार नव्हतं. इतकी उत्तम कारागिरी मी स्वतःच्या हातानं केली होती, आणि त्या सगळ्या साखळीत सर्वांत मऊ वस्तू मी होते.

पाय परत वरच्या गजावर ठेवून सुटले. मनगटावर दोरीची वीण उमटली होती, प्रत्येक धागा मोजता येईल अशी.

ती डुबुक ऐकणारी मैत्रीण पाण्याखाली जाणारी आहे, श्वासाची टाकी पाठीवर घेऊन. तिला मनगट दाखवलं तेव्हा ती हसली नाही.

"अगं, तू टॉर्च सुटू नये एवढाच विचार केलास. आम्ही आधी विचारतो, अडकलं तर कापणार काय?"

मग तिनं तिचा दिवा दाखवला. त्याला पितळी-पोलादी बोल्ट स्नॅप होता, सरकत्या खिळीचा जाड हूक. पण हूक आणि दिवा यांच्यामधे धातू धातूला कुठंच भिडत नव्हता. मधे नायलॉनच्या बारीक दोरीचे वेढे होते. पाण्याखाली, विशेषतः गुहांत जाणाऱ्यांची ही जुनी रीत. हूक गंजून, वाळू शिरून अडकला तर तो मोडता येत नाही. दोरी सुरीनं कापता येते. दिवा घट्ट बांधलेला असतो, आणि तरी कुठं कापायचं ते आधीपासून ठरलेलं असतं. आत ढकलून उघडणाऱ्या दाराच्या हुकांना ती मंडळी उपहासानं 'सुइसाइड क्लिप' म्हणतात, कारण तसलं दार बाहेरच्या दोरीवर नुसतं टेकलं तरी तिला आत घेतं. आपण न लावता असा हूक स्वतःहून कशालाही लागतो. माझ्या चाव्यांच्या जुडग्याला अगदी तसलाच आहे.

तेव्हापासून 'घट्ट' हा शब्द मला अपुरा वाटतो. मनगट, पट्टा, गाठ, दोरी, हूक, नेढं, टॉर्च: यातलं एक काहीतरी सर्वांत आधी जाणारच. कुठलं, हे आपण ठरवलं नाही तर ते स्वतः ठरवतं. कधी कडी ठरवते, कधी मनगट. उंचावर काम करणाऱ्यांची हत्यारं खाली पडू नयेत म्हणून अमेरिकेत २०१८ साली 'एएनएसआय / आयएसईए १२१' हे मानक आलं. त्यात माणसाकडचं टोक, मधली दोरी आणि हत्याराला लावायचा भाग, यांचा वेगवेगळा विचार आहे. नुसत्या दोरीचा आकडा बघून खूश होणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून थोडी लाजच वाटली.

अर्थात सगळं नीट बांधणाऱ्यांचंही जातं. १८ नोव्हेंबर २००८ रोजी अंतराळवीर हायडेमेरी स्टेफानिशिन-पायपर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करत होत्या. ग्रीसची बंदूक गळली, पिशवीत सगळीकडे ग्रीस. त्या पुसत असताना हत्यारांची आख्खी पिशवी निसटून तरंगत निघून गेली. जिथं प्रत्येक पाना दोरीला बांधून वापरतात, तिथं. ती पुढे कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती फुटकी बादली आणि ते दोन मासे आठवले, आणि सांगायला हरकत नाही, फार बरं वाटलं.

गळ्यात टॉर्च अडकवणाऱ्यांना एवढंच सांगेन की मानेमागे झटक्यानं सुटणारी जोडणी नसेल तर अडकवू नका. तिथं टॉर्च गेली तर जाऊ द्यायची. आणि ड्रिल, लेथ, यंत्राचा पट्टा, फिरणारं काहीही जवळ असेल तर दोरी कुठंच नको, ना गळ्यात ना मनगटात.

माझी आत्ताची बांधणी अशी: टॉर्चच्या नेढ्यातून थेट गेलेला गाभा काढलेल्या पॅराकॉर्डचा लहान फास. त्याला मनगटाचा पट्टा, पण दोहोंच्या मधे बारीक दोऱ्याचा एक छोटा वेढा. हा वेढा जाणूनबुजून अशक्त. किती अशक्त ठेवायचा ते पाण्याच्या बाटल्या टांगून ठरवलं. टॉर्चच्या झटक्याला पुरून उरायला हवा आणि माझं अर्धं वजन आलं तर जायला हवा. पहिले दोन दोरे माझ्यापेक्षा चिवट निघाले, तिसरा दहा किलोच्या आतच गेला, चौथा वीस किलोच्या जरा पुढे तटकन तुटला. तो घेतला. मनगटाचा फासही आता आवळत जाणारा नाही. हात जोरात मागे घेतला तर निघेल इतपत, वरून सरकत्या गोळीनं धरलेला.

काल रात्री पलंगावर गादी घालून परीक्षा घेतली. टॉर्च हातातून सोडायची, झटका खाऊ द्यायचा, पुन्हा उचलायची. पन्नास वेळा. सुरुवातीला गाठीच्या दोन्ही शेपटांवर, गाठीला अगदी चिकटून, पेनानं बारीक रेघ मारून ठेवली होती. पन्नासाव्या वेळेनंतर चष्मा लावून बघितलं. डावीकडची रेघ गाठीला चिकटूनच होती. उजवीकडची गाठीत शिरून दिसेनाशी झाली होती.

सगळी सोडली. आता नव्यानं बांधायला घेतली आहे, या वेळी दारच्या मुठीला अडकवून दोन्ही बाजूंनी ओढून.